रानातून धरलेले किलीफिश: आणायचे कसे आणि अंडी धरायची कशी

किलीफिश म्हणजे अंडी घालणारे छोटे, रंगीत शोभेचे मासे. त्यांच्याबद्दल खानापूरकडच्या एका हौशी वाचकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. मुंबईच्या एका विक्रेत्याकडे ‘वाइल्ड कॉट’ (रानातून पकडलेल्या) म्हणून दोन जोड्या आहेत, एक अफिओसेमिऑन ऑस्ट्राले आणि दुसरी नोथोब्रँकियस राकोवी. त्या घ्याव्यात का, की परदेशातून थेट मागवावं? बेळगावच्या हवेत त्यांची पैदास होईल का? आणि गावच्या ओढ्यात डोक्यावर चमकती टिकली असलेले मासे दिसतात, तेही किलीच ना?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तिथंच निम्मं उत्तर आहे. होय, तेही किलीच. डोकं वरून चपटं, तोंड वरच्या बाजूला उघडणारं, पाठीवरचा पर मागे शेपटीजवळ आणि डोक्याच्या मधोमध चांदीसारखा ठिपका, हा अ‍ॅप्लोकायलस घराण्याचा मासा. पश्चिम घाटाच्या ओढ्यांतला आणि तळ्यांतला मोठा मासा म्हणजे अ‍ॅप्लोकायलस लिनिएटस, हौशी लोकांचा ‘स्ट्राइप्ड पँचॅक्स’. तो १० सेंटीमीटरपर्यंत जातो. नराच्या अंगावर सोनेरी ठिपक्यांच्या आडव्या ओळी असतात, मादीच्या अंगावर काळे उभे पट्टे ठळक दिसतात आणि पाठीच्या पराच्या बुडाशी काळा डाग असतो. शहराजवळच्या तळ्यांत आणि विहिरींत मात्र नीट बघून घ्या. तिथं असाच पृष्ठभागावर फिरणारा करडा मासा गॅम्बुशिया असू शकतो. तो डास मारायला म्हणून १९२८ साली भारतात आणला गेला आणि जिथं गेला तिथं आपल्या छोट्या माशांची पिल्लं आणि पर खात सुटला. त्याच्या डोक्यावर टिकली नसते, अंगावर पट्टे नसतात आणि तो अंडी न घालता थेट पिल्लं देतो.

पहिल्यांदाच किलीची पैदास करणाऱ्याने आफ्रिकेतला मासा घेण्याआधी हा घरचा मासा एकदा तरी अंड्यापासून वाढवावा, असं माझं स्पष्ट मत आहे. हात बसतो, चुका स्वस्तात होतात, आणि रानातला मासा काचेच्या टाकीत आल्यावर कसा वागतो ते कळतं.

आता जोड्यांबद्दल. मुंबईचा कुर्ला, चेन्नईचं कोळत्तूर, कोलकात्याची गॅलिफ स्ट्रीट अशा बाजारांत किली अधूनमधून येतात. त्यातले बहुतेक टाकीत पैदा झालेले असतात. ‘वाइल्ड कॉट’ हा शब्द भाव वाढवायला लावलेला आहे की खरा, हे एका प्रश्नात कळतं: कुठल्या गावाजवळचा, कोणत्या साली पकडलेला? खऱ्या रानातल्या किलीबरोबर प्रजातीच्या नावापुढं ठिकाण येतं, आणि बहुधा देश, पकडणाऱ्यांची आद्याक्षरं, वर्ष आणि ठिकाणाचा क्रमांक असा संकेतही. ते सांगता आलं नाही तर मासा चांगला असेल, पण पैसे साध्या माशाचेच द्या.

ठिकाणाला एवढं महत्त्व का, ते इथल्या शेतकऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. बेळगाव बासमतीचं बियाणं एकदा दुसऱ्या भातात मिसळलं की वास जातो आणि तो परत आणता येत नाही. किलीत तर एकाच प्रजातीचे, पण दोन वेगवेगळ्या ओढ्यांतले मासे रंगाने वेगळे असतात, आणि अनेकदा त्यांच्या संकरातून निघालेली पिल्लं वांझ निपजतात. त्यातून माद्या सगळ्या सारख्याच तपकिरी दिसतात. दोन ठिकाणच्या माद्या एका टाकीत गेल्या की मग कोणालाच त्या वेगळ्या करता येत नाहीत. म्हणून पहिला नियम: एका टाकीत एकच ठिकाण आणि टाकीवर चिठ्ठी. बाजारातला ‘गोल्डन वंडर’ हा लिनिएटसचाच पिवळा प्रकार आहे. तो ओढ्यातल्या लिनिएटसबरोबर कधीही ठेवू नका.

राकोवी हा नोथोब्रँकियस, म्हणजे हौशी लोकांच्या भाषेत ‘नोथो’, मोझांबिकच्या बेइरा भागातला. पावसात भरणाऱ्या आणि कोरड्या हंगामात आटणाऱ्या डबक्यांत तो जन्मतो आणि डबकं आटलं की मरतो. त्याचं अख्खं आयुष्य काही महिन्यांचं. तेव्हा ‘रानातून पकडलेला पूर्ण वाढलेला नोथो’ याचा अर्थ ‘उरलेलं आयुष्य थोडं असलेला मासा’ असाच होतो. पकडणं, गोळा करणं, विमान, विक्रेत्याकडचे दिवस धरले तर तुमच्या हातात येईपर्यंत तो म्हातारा झालेला असतो. शिवाय राकोवीची अंडी पिकायला साधारण ५ ते ६ महिने लागतात आणि पिल्लं इतकी बारीक निघतात की पहिले काही दिवस आर्टेमियाही (खाऱ्या पाण्यातल्या बारीक कोळंबीची नुकती निघालेली पिल्लं) त्यांच्या तोंडात मावत नाही. ही जोडी घेऊ नका. नोथोच करायचा असेल तर झांझिबारच्या गुंथेरीपासून सुरू करा. त्याची अंडी सुमारे ३ महिन्यांत तयार होतात आणि पिल्लं पहिल्या दिवसापासून आर्टेमिया खातात. तोही इथल्याच पैदासकाराकडून, ४-५ आठवड्यांच्या वयाचा घ्यायचा.

ऑस्ट्राले मात्र जरूर घ्या. गॅबनच्या किनारी जंगलातल्या ओहोळांचा हा मासा कायम पाण्यात राहतो, दोन-तीन वर्षं जगतो, आणि २० ते २४ अंश तापमान त्याला मानवतं. बेळगावच्या माणसासाठी ही सोय आहे. पुण्या-मुंबईत यासाठी पाणी थंड ठेवायला धडपडावं लागतं. आपल्याकडे जून ते फेब्रुवारी काहीच करावं लागत नाही. मार्च ते मे एवढेच तीन महिने टाकी जमिनीवर, उत्तरेकडच्या खोलीत ठेवायची आणि दुपारी वरून पंखा सोडायचा. निपाणी, चिकोडी, अथणीकडे उन्हाळा कडक असतो. तिथल्यांनी ऑस्ट्रालेऐवजी नायजेरिया-कॅमेरूनचा फुंडुलोपँचॅक्स गार्डनेरी घ्यावा. तो २६-२७ अंशांपर्यंत तक्रार करत नाही.

परदेशातून थेट मागवण्याबद्दल सरळ सांगतो: एका-दोघांच्या हौसेसाठी ते करू नका. भारतात जिवंत शोभेचे मासे आणायला केंद्र सरकारची आयात परवानगी, निर्यात करणाऱ्या देशाच्या अधिकृत यंत्रणेचा आरोग्य दाखला आणि इथं उतरल्यावर क्वारंटाइन लागतं. आपली प्रजाती आणायला परवानगी आहे का, हे पैसे भरण्याआधी लेखी विचारावं लागतं. रानातला मासा असेल तर मूळ देशाने पकडायला आणि बाहेर पाठवायला दिलेली परवानगीही बघायची. पाकिटातून पीटमध्ये (कुजलेल्या शेवाळाच्या ओलसर भुशात) अंडी मागवली की हे सगळं टळतं, असं काही जण सांगतात. ते चुकीचं आहे. अंडी हेही जिवंत माशाचंच बियाणं, त्याला कागद लागतात असंच धरून चला. करायचंच तर पाच-सहा जणांनी मिळून परवानाधारक आयातदाराच्या खेपेत आपली नोंद करावी, प्रत्येक प्रजातीच्या निदान ३ जोड्या याव्यात, आणि पहिल्या पिढीची पिल्लं वेगवेगळ्या घरांत जावीत. एका घरात रोग आला किंवा पंप बंद पडला तरी वाण शिल्लक राहतो.

ओढ्यातले मासे धरतानाही हीच शिस्त. भीमगड अभयारण्यात किंवा राखीव जंगलात जाळं टाकायचं नाही, तो गुन्हा आहे. गावच्या पाटात, शेताच्या चरीत किंवा खासगी तळ्यात मालकाला विचारून धरायचं. जून-जुलैत जांबोटी-कणकुंबीकडचे ओढे फुगलेले असतात, तेव्हा मासा सापडत नाही आणि माणूस वाहून जाण्याची भीती. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाणी नितळ असतं. सकाळी, काठाच्या गवताखाली, मऊ जाळीच्या चौकोनी हातजाळ्याने धरा. ३-४ सेंटीमीटरची ६ ते ८ तरुण मासळी पुरे. मोठा देखणा नर सोडून द्या. तो टाकीत खात नाही, काचेवर तोंड आपटून घेतो, आणि ओढ्याला त्याची गरज जास्त आहे. तिथंच पाण्याचं तापमान, पीएच (आम्लता) आणि टीडीएस (विरघळलेले क्षार) मोजून वहीत लिहा, तारीख आणि जागेसह. टाकीत गेलेला मासा पुन्हा ओढ्यात सोडायचा नाही, कारण त्याच्याबरोबर बाजारातल्या माशांचे रोग जातात. आफ्रिकेचा मासा तर कुठल्याच पाण्यात सोडायचा नाही.

प्रवास हा खरा धोक्याचा भाग. मुंबई किंवा बेंगळुरूहून बेळगाव म्हणजे रात्रभराचा प्रवास. पाठवणाऱ्याला सांगा की आधी २४ ते ४८ तास मासे उपाशी ठेव, प्रत्येक नर वेगळ्या पिशवीत, पिशवीत एक भाग पाणी आणि दोन भाग ऑक्सिजन, दुहेरी पिशवी, कोपरे रबराने बांधून गोल केलेले, म्हणजे लहान मासा कोपऱ्यात चेंगरत नाही. मधे वर्तमानपत्र, बाहेर थर्मोकोलचा डबा. बसच्या डिकीत इंजिनाकडच्या बाजूला डबा ठेवू देऊ नका.

पिशवी घरी आली की बहुतेक मासे इथं मरतात, आणि मरतात ते काळजी जास्त घेतल्यामुळे. बंद पिशवीत माशाच्या श्वासाचा कार्बन डायऑक्साइड पाण्यात साठतो आणि पीएच खाली येतो. त्याच पाण्यात माशाने सोडलेला अमोनियाही साठलेला असतो, पण पीएच कमी असल्यामुळे तो अमोनियमच्या रूपात, फारसा अपाय न करता पडून राहतो. तुम्ही पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच चढतो आणि तेच अमोनियम विषारी अमोनिया होतं. अशा पाण्यात दोन तास नळीने थेंब थेंब पाणी सोडत बसणं म्हणजे माशाला त्या विषात ठेवणं. म्हणून बंद पिशवी २०-३० मिनिटं टाकीत तरंगू द्या, तापमान एक झालं की उघडा, पाणी मऊ जाळीतून बादलीत ओता आणि मासा लगेच टाकीत सोडा. पिशवीतलं पाणी टाकीत पडता कामा नये. हे जमायला तुमच्या टाकीचं टीडीएस पाठवणाऱ्याच्या पाण्याच्या जवळ हवं. आदल्या दिवशी फोन करून आकडा विचारा आणि तसं पाणी करून ठेवा.

पाण्याचा विचार इथं गावागावाप्रमाणे बदलतो. बेळगाव शहराला राकसकोप आणि हिडकलचं पाणी येतं. ते २४ तास उघडं ठेवून, क्लोरीन उडवून वापरता येतं. बोअरचं पाणी, विशेषतः पूर्वेकडच्या काळ्या रानातलं, जड असतं. त्यात ऑस्ट्राले अंडी घालतो, पण त्यातली बरीचशी पांढरी पडतात. घरच्या आरओच्या पाण्यात बोअरचं थोडं थोडं मिसळून, मोजत मोजत टीडीएस १०० च्या आसपास आणा, पीएच ६ ते ६.५. पावसाचं पाणी सर्वांत चांगलं. पहिल्या तीन-चार सरी सोडून, स्वच्छ कौलांवरून किंवा थेट ताडपत्रीवरून धरायचं आणि झाकून ठेवायचं. नोथोला उलट थोडं जड पाणी चालतं आणि मीठ हवंच: १० लिटरला १० ग्रॅम जाडं मीठ. मीठ नसेल तर अंगावर सोनेरी धूळ बसल्यासारखा व्हेल्व्हेट रोग येतो आणि नोथो त्यात तीन-चार दिवसांत जातात. विजेरी तिरकी धरून बघितली तरच ती धूळ सुरुवातीला दिसते. दिसली तर मीठ दोन दिवसांत हळूहळू लिटरला ३ ग्रॅमपर्यंत न्या आणि टाकीवर काळा कपडा टाका.

पहिले ४ ते ६ आठवडे नवे मासे वेगळ्या टाकीत. जोडीला २०-२५ लिटर पुरतात. स्पंज फिल्टर मंद, खाली काही नाही, जावा मॉसचा एक गोळा, देशी बदामाचं एक वाळलेलं पान आणि मंद उजेड. झाकणाबद्दल दोनदा सांगतो: किली उडी मारतो, आणि हवेच्या नळीसाठी ठेवलेल्या बोटभर फटीतूनही बाहेर येतो. नळीच्या भोवती स्पंज कोंबा.

रानातल्या माशांत पोटातले जंत असतातच असं समजून चाला. गुदद्वारातून लाल दोऱ्याची टोकं बाहेर आलेली दिसली तर तो कॅमॅलॅनस. त्यावर लेवामिसोल चालतं, जनावरांच्या औषधांच्या दुकानात मिळतं. मात्रा लिटरला २ मिलिग्रॅम. ७.५ टक्क्यांचं द्रावण असेल तर त्याच्या १ मिलिलिटरमध्ये ७५ मिलिग्रॅम औषध असतं. म्हणजे ४० लिटर पाण्याला साधारण १ मिलिलिटर. बाटलीवरचा टक्का वाचल्याशिवाय मोजू नका. टाकी २४ तास अंधारात ठेवायची, मग तळ नळीने ओढून घेऊन निम्म्याहून जास्त पाणी बदलायचं, आणि ३ आठवड्यांनी पुन्हा एकदा. पोट आत गेलेला, पाठ वाकलेला, खाऊनही सुकत चाललेला मासा असेल तर तो बहुधा माशांचा क्षय. त्यावर औषध नाही. तो मासा आणि ती टाकी वेगळी काढा. हाताला जखम असेल तर त्या पाण्यात हात घालू नका, हा जंतू माणसाच्या कातडीतही शिरतो.

खाणं जिवंतच लागेल. रानातला मासा पहिले काही दिवस दाण्याकडे बघतही नाही. डासांच्या अळ्या सगळ्यांत उत्तम, पण गटारातल्या नकोत, त्यावर फवारणी झालेली असते. गच्चीवर बादलीत पाणी आणि मूठभर गवत ठेवा, आठ-दहा दिवसांत अळ्या होतात. रोज गाळून घ्या, नाहीतर शेजारी योग्य कारणाने ओरडतील. मासे आणि मॉइना (खाद्यासाठी वाढवायचे पाण्यातले बारीक जीव) यांच्या खोलीत डास पळवणारी लिक्विड मशीन लावू नका. त्यातलं औषध पाण्यात उतरतं.

आता अंडी. ऑस्ट्राले, गार्डनेरी आणि आपला लिनिएटस, तिघंही धाग्यांच्या झुपक्यात अंडी चिकटवतात. झुपका करायला गडद हिरवी किंवा काळी अ‍ॅक्रिलिक लोकर घ्या. वडगाव-शहापूरच्या मागावरचं सूत किंवा रेशीम हाताशी असतं म्हणून ते वापरायचा मोह होतो, पण सूत पाण्यात कुजतं आणि त्यावर बुरशी धरते. शाळेच्या लांब वहीवर ५० वेढे घ्या, एका टोकाला बांधा, दुसऱ्या टोकाला कापा, आणि रंग सुटणं थांबेपर्यंत पाणी बदलत उकळा. बांधलेल्या टोकाला थर्मोकोलचा तुकडा. लिनिएटसला तरंगता झुपका पुरतो. ऑस्ट्रालेसाठी एक तरंगता आणि एक तळाशी ठेवा. एका नराला दोन माद्या, नाहीतर तो एकाच मादीचा जीव घेतो. आठवडाभर नर आणि माद्यांना वेगळं ठेवून पोटभर खाऊ घातलं आणि मग एकत्र केलं की पहिल्या चार दिवसांत अंडी भरपूर मिळतात.

झुपका रोज सकाळी बाहेर काढा, हलकेच पिळा आणि उजेडाकडे धरून धागे एकेक करून वेगळे करा. अंडं काचेच्या बारीक मण्यासारखं दिसतं. ते बोटांनी उचलता येतं, चांगलं अंडं चिमटीत हलकेच दाबलं तरी फुटत नाही. फुटलं तर ते बहुधा मुळातच फळलेलं नव्हतं. इथं आपल्याकडे एक उत्तम भांडं घरोघरी असतं: कुंद्याचा (बेळगावच्या मिठाईचा) पाव किलोचा प्लास्टिकचा डबा. साबण न लावता गरम पाण्याने तूप पूर्ण काढा, त्यात टाकीचंच ३ सेंटीमीटर पाणी आणि मेथिलीन ब्लूचा (बुरशी रोखणाऱ्या निळ्या औषधाचा) इतका थेंब की पाणी फिकट आकाशी दिसेल. रोज पांढरी अंडी ड्रॉपरने काढा. एक पांढरं अंडं ठेवलं की तिसऱ्या दिवशी बुरशी शेजारच्या दहांना धरते. लिनिएटसची पिल्लं १२ ते १४ दिवसांत, ऑस्ट्राले आणि गार्डनेरीची साधारण दोन ते तीन आठवड्यांत निघतात. डिसेंबरात रात्री पारा १४-१५ वर येतो तेव्हा चार-पाच दिवस जास्त धरा.

नोथोची रीत वेगळी, आणि ती समजायला आपल्या जमिनीचीच मदत होते. आफ्रिकेतली ही डबकी ज्या चिकणमातीत होतात ती कोरड्या हंगामात भेगाळणारी आणि पावसात फुगून पाणी धरून ठेवणारी माती आहे, म्हणजे आपल्या सौंदत्ती-अथणीच्या काळ्या रानाच्याच जातीची. मासा त्या चिखलात अंडी पुरतो आणि मरतो. अंडी कोरड्या हंगामात मातीत जिवंत राहतात, आणि त्यांची वाढ अधूनमधून थांबते. या थांबण्याला डायपॉज म्हणतात, आणि तो तीन टप्प्यांवर येऊ शकतो. सगळी अंडी एकाच वेळी तयार होत नाहीत, यात त्या माशाचं शहाणपण आहे. मृगाचा पाऊस पडून मग पंधरा दिवस ओढ दिली की सगळं बी एकदम पेरलेल्याचं काय होतं ते इथं कोणाला सांगायला नको. नोथो काही बी मागे ठेवतो.

पीट इथं सहज मिळत नाही. कोकोपीटची वीट चालते, पण त्यात मीठ आणि चहासारखा रंग असतो. दोनदा उकळा, मग पिळून निघणाऱ्या पाण्याचा टीडीएस नळाच्या पाण्याएवढा येईपर्यंत धुवा, आणि चाळणीने लांब तंतू काढून टाका. दीड लिटरच्या बरणीत ३-४ सेंटीमीटर थर, झाकणाला ७-८ सेंटीमीटरचं भोक, आणि बरणी टाकीत तळाशी. एक नर, दोन-तीन माद्या. दर ७ ते १० दिवसांनी पीट काढून धुतलेल्या पंचातून गाळा, पिळा, वर्तमानपत्रावर पसरा.

किती वाळवायचं, इथं सगळी अंडी जगतात किंवा मरतात. परदेशात या ओलाव्याला तंबाखूचीच उपमा देतात, आणि निपाणीच्या माणसाला ती लगेच पटेल: पावसाळी हवेत वखारीतली तंबाखू जशी मऊ पडते, तसा पीट हाताला लागायला हवा. मुठीत दाबला की गोळा होतो, बोटाने टोचला की सुटतो, कागदावर ठेवला तर डाग उमटतो पण पाणी टपकत नाही. जास्त ओला राहिला तर अंडी कुजतात. भुसभुशीत कोरडा झाला तर अंडी आतून खोलगट होतात, ती परत फुगत नाहीत. मग जाड प्लास्टिकच्या पिशवीत थोडी हवा ठेवून बांधा आणि चिठ्ठीवर प्रजाती, ठिकाण, काढल्याची तारीख आणि भिजवायची अंदाजे तारीख लिहा. पेन्सिलीने लिहा, शाई ओलाव्याने पसरते. पिशवी २२ ते २५ अंशांवर कपाटात. फ्रिजवर ठेवू नका, तिथली ऊब कमीजास्त होते.

गुंथेरीची पिशवी अडीच महिन्यांनी उघडून सोनाराच्या १० पटीच्या भिंगाखाली दोन-चार अंडी बघा. नुसता पारदर्शक मणी दिसला तर अजून वेळ आहे. अंड्यात गुंडाळलेला काळसर मासा आणि डोळ्याभोवती सोनेरी कडी दिसली की तो तयार आहे. त्यानंतर फार थांबू नका. फार उशिरा किंवा फार लवकर भिजवलं की पिल्लं पोटावर सरपटतात, त्यांना हवेची पिशवी भरता येत नाही आणि ती जगत नाहीत.

भिजवायला पाणी थंड हवं, १६ ते १८ अंश. माठातलं पाणी रात्रभर ठेवून पहाटे घेतलं तर ते बरोबर तिथंच किंवा थोडं वर असतं. पसरट डब्यात पीट टाकून वर ४-५ सेंटीमीटर पाणी घाला. पाण्यातला ऑक्सिजन कमी झाला की पिल्लू बाहेर येतं, म्हणून पहिल्या रात्री हवेचा दगड लावायचा नाही. चिमटीच्या टोकाएवढी दाण्याची पूड टाकली की जंतू वाढतात आणि ऑक्सिजन आणखी उतरतो. १२ तासांत पिल्लं दिसतात. मग मात्र लगेच, मोठ्या तोंडाच्या ड्रॉपरने, स्वच्छ पाण्याच्या डब्यात काढा. उरलेला पीट पुन्हा गाळून, तसाच तंबाखूसारखा करून ३-४ आठवडे ठेवा आणि परत भिजवा. दुसऱ्या भिजवणीत कधीकधी पहिल्यापेक्षा जास्त पिल्लं मिळतात.

पिल्लांच्या आर्टेमियासाठी १ लिटर पाण्यात २५ ग्रॅम जाडं मीठ, चिमूटभर खाण्याचा सोडा, अर्धा चमचा अंडी, जोराची हवा आणि वर दिवा. २७-२८ अंशांवर २४ तासांत निघतो. थंडीत इथं ३६ तास लागतात आणि लोक अंडीच खराब म्हणून फेकून देतात. फेकू नका, ४० वॅटचा दिवा बाटलीजवळ आणा. हवा बंद करून दहा मिनिटं थांबलात की टरफलं वर येतात आणि जिवंत आर्टेमिया खाली. टरफलं पिल्लाच्या पोटात गेली तर अडकतात. पहिल्या दिवशी पिल्लाचं पोट नारिंगी दिसलं म्हणजे ते खातंय. दिसलं नाही तर बेसनावर वाढवलेला मायक्रोवर्म (अगदी बारीक पांढरा जंत) द्या. दिवसातून तीनदा थोडं, आणि दर दोन दिवसांनी तिसरा हिस्सा पाणी बदला. नोथोची पिल्लं सहा आठवड्यांत अंडी द्यायला लागतात, त्यामुळे त्यांचं खाणं एक दिवसही चुकवता येत नाही. लिनिएटसची पिल्लं आठवड्याला आकाराप्रमाणे वेगळी करा. दुप्पट आकाराचं भावंड लहानाला गिळतं, आणि महिन्याने तीसाची चार होतात.

तुमच्या प्रश्नाच्या हिशेबाने आत्ता करायचं ते असं. राकोवीला नको म्हणा. ऑस्ट्रालेच्या विक्रेत्याला ठिकाण आणि पाण्याचा टीडीएस विचारा, आणि तो सांगू शकला तर एकाऐवजी दोन-तीन जोड्या घ्या, भाव थोडा उतरतोही. पावसाळ्याच्या तोंडाशी घेतलीत तर थंड, मऊ पाण्याचे आठ-नऊ महिने तुमच्या हातात राहतील. पहिल्या तीन आठवड्यांत मिळालेली अंडी विकू नका. त्यातून निदान २० पिल्लं मोठी करा, आणि त्यातली सहा-आठ बेळगाव किंवा कोल्हापूरच्या दुसऱ्या कोणा पैदास करणाऱ्याला चिठ्ठीसकट द्या.